मिटवलेल्या अपघाताचा हिशेब

साखळीच्या बाजारातून डिचोलीकडे, होंड्याकडे किंवा आमोण्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धडक झाली, की पहिला अर्धा तास बहुधा सगळे नीट घडते. लोक धावतात, १०८ला फोन लागतो, जखमीला आरोग्य केंद्रात आणि तिथून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात हलवतात. बिघडते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. गाडीवाल्याच्या बाजूने कोणीतरी जाणता माणूस घरी येतो. कधी तो पंच असतो, कधी दोन्हीकडचा सोयरा. विषय निघतो तो ‘मिटवण्या’चा. औषधपाण्याचा खर्च देतो, स्कूटर दुरुस्त करून देतो, वर थोडे हातावर ठेवतो. पोलीस-कोर्टाचे लचांड मागे कशाला लावून घ्यायचे? जखमीच्या घरचेही पुष्कळदा मान डोलावतात आणि शहाणपणाने वागलो या समाधानात सगळे उठतात. माझ्या मते या व्यवहारात एकच पक्ष शहाणा ठरतो आणि तो बैठकीला हजरही नसतो. ज्या विमा कंपनीने नेमक्या याच प्रसंगासाठी हप्ता घेऊन ठेवला आहे, ती एक पैसाही न देता सुटते. आणि तिने भरायचे नुकसान दोन गावकरी आपापसांत वाटून घेतात. त्यातला मोठा वाटा अर्थातच अंथरुणावर पडलेल्याचा.

डिचोली तालुक्यात ‘मिटवूया’ या शब्दाला एवढे वजन का, याला इथल्या अर्थव्यवहाराचे कारण आहे. खाणपट्ट्यात ट्रकवाला हा दूरचा कोणी मालदार नसतो. तो शेजारच्या वाड्यावरचा असतो. खनिज वाहतूक जोरात होती तेव्हा गावोगावच्या घरांनी बँकेचे कर्ज काढून टिपर घेतले. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानंतर त्या मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजेस रद्द झाल्या आणि दारात उभे राहिलेले ट्रक गंजताना सगळ्या गावाने पाहिले. आता लिलावानंतर चाके पुन्हा फिरू लागली आहेत. अशा माणसावर केस घालायची म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे, असे जखमीच्या घरच्यांना मनापासून वाटते. पेडण्यात चित्र थोडे वेगळे असले तरी भावना तीच. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तिथल्या रस्त्यांवर टॅक्सी आणि रेंट-अ-कॅब वाढल्या, आणि त्यातल्या कितीतरी स्थानिक पोरांनी हप्त्यावर घेतलेल्या. या भावनेला मी भाबडेपणा म्हणणार नाही. लहान गावात माणसाला पुढची चाळीस वर्षे त्याच शेजाऱ्याच्या दारावरून जायचे असते. प्रश्न एवढाच, की दावा घातल्याने शेजाऱ्याचे खरोखर काही बिघडते का?

बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे ज्याला आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो तो विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता विमा कंपनी आपल्या मर्जीने ठरवत नाही. केंद्र सरकार तो वाहनाच्या प्रकारानुसार ठरवते. म्हणजे एखाद्या ट्रकवर दावा लागला म्हणून त्याच मालकाचा पुढच्या वर्षीचा थर्ड पार्टी हप्ता वाढत नाही. ‘नो क्लेम बोनस’ जातो अशी एक भीती सांगितली जाते. तो बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर असतो, थर्ड पार्टीवर नसतोच. जखमीच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई किती द्यायची याला या विम्यात कमाल मर्यादा नाही; मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती कंपनीने द्यायची. मालकाने करायचे ते एवढेच, की अपघाताची खबर कंपनीला द्यायची आणि नोटीस आल्यावर कागद घेऊन हजर राहायचे. अडचणीत येतो तो फक्त ज्याचा विमा संपलेला आहे, ज्याच्या ड्रायव्हरकडे त्या वर्गाचा परवाना नाही किंवा ज्याच्या परमिटमध्ये खोट आहे असा मालक. परवान्यासारखी खोट असेल तेव्हाही न्यायालये पुष्कळदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतात. तेव्हा मिटवण्यासाठी जो जास्त घाई करतो, त्याचे मन मोठे आहे असे समजण्याआधी त्याचे कागद पाहावेत.

आता मिटवण्यात जखमी काय गमावतो ते आकड्यांत पाहू. समजा, साखळीचा एक २८ वर्षांचा तरुण मोटरसायकल पायलट आहे आणि महिन्याला १५ हजार रुपये मिळवतो. पाय मोडला, सांधा कायमचा आखडला आणि त्याची कमावण्याची ताकद ४० टक्क्यांनी घटली. सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. स्वतःचा धंदा करणारा माणूस चाळिशीच्या आतला असेल तर पुढे वाढणाऱ्या कमाईसाठी ४० टक्के जमा धरायचे. २६ ते ३० वयासाठी १७ने गुणायचे. पंधराचे झाले एकवीस हजार, वर्षाचे दोन लाख बावन्न हजार, सतराने गुणले की ४२ लाख ८४ हजार. त्याचे ४० टक्के म्हणजे १७ लाख १३ हजार ६०० रुपये. हे केवळ बुडालेल्या भावी कमाईचे. उपचार, शुश्रूषा, वेदना, बिछान्यात गेलेले महिने आणि दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज यांचा हिशेब निराळा. न्यायाधिकरण प्रत्येक वेळी एवढेच देईल असे नाही; उत्पन्न आणि अपंगत्व दोन्ही सिद्ध करावे लागते. पण हा आकडा आणि खाटेच्या कडेला बसून ठरलेली वीस-पंचवीस हजारांची रक्कम शेजारी-शेजारी ठेवून बघावी.

अपंगत्वाच्या या टक्क्यांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण दावे इथेच सर्वांत जास्त पातळ होतात. डॉक्टर दाखल्यावर जो टक्का लिहितात तो शरीराचा असतो. भरपाई ठरते ती कमाई किती बुडाली यावर. २०१०च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडून दाखवला आहे. डावा हात गमावलेल्या माणसाचे शारीरिक अपंगत्व ६० टक्के असेल. पण तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि तोच सरकारी कचेरीत कारकून असेल तर नोकरी कदाचित टिकेल. खाणीवर, होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत, बांधकामावर किंवा कुळागरात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा भेद कोणी मांडलाच नाही, तर त्याच्या गुडघ्याची किंमत कारकुनाच्या गुडघ्याइतकीच लावली जाते. उत्पन्नाचा पुरावा नाही, हे मागे सरण्याचे दुसरे कारण. पगारपत्रक नसलेल्या माणसांनी हा देश भरलेला आहे हे न्यायालयांना ठाऊक आहे. २०११च्या रामचंद्रप्पा निकालात बंगळूरच्या एका हमालाने सांगितलेले महिना साडेचार हजारांचे उत्पन्न सर्वोच्च न्यायालयाने कागदाशिवाय मान्य केले. आणि जखमी घरची बाई असेल तर ‘ती कुठे काय कमावते’ हा प्रश्न तरी आता कोणी विचारू नये. गृहिणीच्या कामाचे मोल उत्पन्न म्हणून धरलेच पाहिजे, असे जानेवारी २०२१ मधल्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालाने स्पष्ट केले आहे.

गोव्यात आणखी एक खास आपला असा गैरसमज आहे आणि तो आपल्या चांगल्या आरोग्यसेवेतून जन्मला आहे. गोमेकॉत गोमंतकीयाला उपचारासाठी फारसा खर्च येत नाही. बाहेर गेलेच तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. त्यामुळे हातात मोठी बिले नसतात, आणि बिले नाहीत तर क्लेम कशाचा घालणार, असे घरच्यांना वाटते. मिटवायला आलेल्या माणसाचाही हाच मुद्दा असतो: ‘खर्च तर काहीच झाला नाही.’ पण वर मांडलेल्या हिशेबात उपचाराच्या बिलाचा एक रुपयाही धरलेला नाही. मुंबई-पुण्याच्या खासगी इस्पितळात पडलेला जखमी निदान बिलाच्या धसक्याने तरी वकिलाकडे जातो. आपला माणूस सरकारी औषध घेऊन गप्प घरी येतो. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळण्याची सोय झाली आहे. चांगलेच झाले. पण उपचार फुकट होणे वेगळे आणि नुकसान भरून मिळणे वेगळे, हे सांगायला इस्पितळात कोणी नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. कोर्टात वर्षानुवर्षे जातात, तोवर घर कशावर चालवायचे. त्यापेक्षा आज मिळाले ते बरे. आक्षेप खोटा नाही, अर्धवट आहे. १ एप्रिल २०२२ पासून अमलात असलेल्या केंद्रीय नियमांनी अपघाताच्या दाव्याची चाल बदलली आहे. पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पहिला अहवाल द्यायचा. दहा दिवसांत जखमीच्या हातात त्याच्या हक्कांचे पत्रक, म्हणजे फॉर्म क्रमांक दोन, ठेवायचे. ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल दाखल करायचा. त्यानंतर कंपनीने ३० दिवसांत किती देणार ते सांगायचे. जखमीला ते पटले तर तिथेच संमतीने निवाडा. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कलम १६६(४) प्रमाणे पोलिसांचा हा अहवाल म्हणजेच दाव्याचा अर्ज धरला जाऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने राजेश त्यागी प्रकरणात वर्षानुवर्षे घासून घेतलेली ही पद्धत आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना पोलिसांत त्यासाठी वेगळी पथके उभारायला तीन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे कायद्याच्या कल्पनेत जखमीने वकिलाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. शासनाने त्याचा दावा न्यायाधिकरणापर्यंत चालत न्यायचा. पण अपघात ‘मिटला’ की पोलिसांची फाइलच उघडत नाही, आणि फाइल नाही तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. (साखळीकरांनी शब्दखेळ माफ करावा.)

त्याच १ एप्रिल २०२२ पासून आणखी एक तरतूद लागू झाली आहे आणि तिच्यावर माझा राग आहे: दावा अपघातापासून सहा महिन्यांत घालायचा. १९८८च्या कायद्यात ही मुदत होती. गरीब माणसे तिच्यापायी हक्काला मुकतात हे दिसल्यावर संसदेने १९९४ मध्ये ती काढून टाकली. २०१९च्या दुरुस्तीने पुन्हा आणली. मांडीचे हाड मोडलेला माणूस सहाव्या महिन्यात कुबड्यांवर असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि मुदतीच्या कारणाने दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरी अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी निवांत राहू नये. पोलिसांनी नव्वद दिवसांत अहवाल दिला तर मुदतीचा प्रश्न उरत नाही, हे खरे. पण पोलिसांच्या चुकीचे फळ जखमीने भोगायचे, अशी रचना न्याय्य कशी म्हणायची? मिटवण्याच्या बोलण्यांत, पहिला हप्ता दिला आणि दुसरा अडला अशा खेचाखेचीत सहा महिने कसे सरतात, हे गावात कोणालाही विचारा.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. दावे सोपे केले की लबाड माजतात, उत्तर प्रदेशात काय झाले पाहा, असे सांगितले जाते. तिथे बनावट दाव्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५च्या आदेशावरून विशेष तपास पथक नेमावे लागले, ही गोष्ट खरीच आहे. पण बनावट दावा जन्मतो कसा? अपघात होतो तेव्हा नोंद नसते. काही महिन्यांनी भलतीच विमाधारक गाडी आणि भलताच ड्रायव्हर कागदावर उभा केला जातो. ४८ तासांत घटनास्थळाचे फोटो, गाडीचा क्रमांक आणि विम्याची प्रत न्यायाधिकरणाकडे गेलेली असेल तर ही लबाडी करायला जागाच कमी राहते. म्हणजे लबाडीवरचा आणि उपेक्षेवरचा उपाय एकच निघतो. शिवाय खोट्या दाव्यांची चिंता करणाऱ्यांनी न घातलेल्या दाव्यांचाही आकडा पाहावा. ठोकून पळून गेलेल्या, न सापडलेल्या गाडीच्या अपघातात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये देणारी योजना आहे; अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो. जानेवारी २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले आहे, की २०२२ मध्ये देशात असे ६७,३८७ अपघात झाले आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात अर्ज आले अवघे २०५. एवढे वाचल्यावर आपल्या देशातला मोठा रोग लबाडीचा की अज्ञानाचा, हे मला तरी वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा आक्षेप जखमीच्या स्वतःच्या चुकीचा, आणि तो सर्वांत हळुवारपणे मन खचवतो. हेल्मेट नव्हते, गाडीवर तिघे होते, मग आपण कोणत्या तोंडाने मागायचे? गोव्याच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत दुचाकीवाल्यांचाच भरणा मोठा आहे. हेल्मेट घालायलाच हवे, त्यावर वाद नाही. पण नियम मोडला म्हणजे अपघात आपल्यामुळेच झाला असे होत नाही. २०२०च्या मोहम्मद सिद्दीकी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की तिघे बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येणार नाही. त्या चुकीचा धडकेशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागेल. आणि संबंध निघाला तरी रक्कम त्या प्रमाणात कमी होते, दावा बुडत नाही. तक्रार उशिरा दिली, हेही कारण पुरेसे नाही; घरचा माणूस इस्पितळात तडफडत असताना नातेवाइकांनी आधी पोलीस ठाणे गाठावे अशी अपेक्षा करता येत नाही, अशी समंजस भूमिका न्यायालयाने २०११ मध्येच घेतली आहे. सगळी चूक स्वतःचीच, म्हणजे पावसात चिखलावरून गाडी घसरली, तर मात्र थर्ड पार्टी विमा मालक-चालकाच्या कामी येत नाही. तिथे उपयोगी पडते ते १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण, जे पॉलिसी घेताना ‘नको, जास्त पैसे पडतात’ म्हणून आपण झटकून टाकतो.

हद्दीचा बाऊही नको. साखळीचा माणूस चोर्ल्याच्या घाटात बेळगावच्या बाजूला जखमी झाला किंवा पेडण्याचा माणूस सावंतवाडीच्या रस्त्यावर, तरी त्याने परराज्यात खेपा घालायचे कारण नाही. अपघात जिथे झाला तिथे किंवा जखमी जिथे राहतो तिथे, दोन्हीकडे दावा चालतो. म्हणजे आपल्या उत्तर गोव्यातच. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, अपंग, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि ‘मिळेल त्यात अमुक टक्के माझे’ असे म्हणणारा वकील भेटलाच, तर असा करार करायला वकिली आचारसंहितेची बंदी आहे याची त्याला आठवण करून द्यावी.

फॉर्म क्रमांक दोन मराठी आणि कोंकणीत छापून डिचोली पोलीस ठाण्यात, साखळीच्या आरोग्य केंद्रात आणि गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत ठेवायला फारसा पैसा लागणार नाही. मुख्यमंत्र्यांच्याच साखळी मतदारसंघापासून सुरुवात करायला काय हरकत आहे? पंचायतीच्या पंचांनीही मध्यस्थी सोडावी असे मी म्हणत नाही. तुटलेल्या आरशाचे, फुटलेल्या दिव्याचे भांडण त्यांनी खुशाल मिटवावे. हाड मोडले असेल तिथे मात्र जखमीच्या घरच्यांना ‘किती देऊ’ असे विचारण्याआधी गाडीवाल्याला ‘पॉलिसी दाखव’ असे म्हणावे. तो दाखवीत नसेल तर गाडीचा क्रमांक एम-परिवहन ॲपवर घालावा. विमा कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे ते दोन मिनिटांत दिसते. आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असा तयार कागद कोणी खाटेपाशी आणला, तर विम्याबद्दलचे हे उत्तर मिळेपर्यंत त्यावर सही करू नये.